मास्तरांच्या घड्या

रविवार, ४ जानेवारी

आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. रोज जमेल असं वाटत नाही, तरी ठरवलंय.

उपासनेत पाळकसाहेबांचा उपदेश प्रीतीवर होता. प्रत्येकाने या वर्षी एक तरी असं काम हाती घ्यावं, की ज्याची खूण कुणाच्या तरी आयुष्यात राहील, असं ते म्हणाले. पाळकसाहेब वयाने माझ्या मुलाएवढे, पण बोलतात ते आत जातं. येताना रस्ताभर तेच डोक्यात होतं. लाँड्री आता सूनबाई चालवते. गेल्या आठवड्यात तिने इस्त्रीचं टेबल खिडकीकडून भिंतीकडे सरकवलं आणि मला नंतर कळलं. टेबल तिथेच चांगलं दिसतं, हे कबूल. पण चाळीस वर्षं ज्या टेबलाशी उभा होतो ते मला न विचारता हललं, म्हणजे आपली खूण कुठे राहणार?

जेवताना हिला सांगितलं, दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये व्याख्यान देणार. विषय, ख्रिस्ती प्रीती.

ही म्हणाली, "तुम्ही? प्रीतीवर?" आणि ताट घेऊन आत गेली. बराच वेळ आतून हसण्याचा आवाज येत होता.

गुरुवार, १५ जानेवारी

पहिलं व्याख्यान झालं. हजर: पाळकसाहेब, ही, घंटावाले, आणि एक बाई ज्या रविवारी विसरलेली छत्री न्यायला आल्या होत्या आणि मी सुरुवात केल्यामुळे अडकल्या. घंटावाले म्हणजे चर्चची घंटा वाजवणारे, झाडलोट बघणारे आमचे जुने मित्र. घंटेने त्यांचा एक कान गेलाय. ते ऐकू येणारा कान पलीकडे करून बसले आणि पाच मिनिटांत झोपले.

बोललो चांगलं, असं मला वाटतं. हिला विचारलं तर म्हणाली, "आवाज स्वच्छ होता."

शनिवार, १७ जानेवारी

आमच्या इमारतीत तळाला लाँड्री, वर मास्तर, त्यांच्या वर आम्ही. मास्तर म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. आवाज असा, की फलाटाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा हमाल दचकावा. आमच्या वाफेचा पाइप त्यांच्या खिडकीवरून जायचा म्हणून त्यांनी तक्रार केली, माणूस तपासणीला आला, पाइप फिरवावा लागला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. जिन्यात समोरासमोर आलो की ते घसा खाकरायचे आणि मी किल्ल्या वाजवायचो.

गेल्या महिन्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. परवा दवाखान्यातून घरी आणलं. आज त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, वर आल्या. मला नाही, हिला म्हणाल्या, "ताई, औषधं आणायची होती. तासभर कुणी यांच्याजवळ बसेल का?"

ही म्हणाली, "हे रिकामेच आहेत."

गेलो. मास्तर खिडकीशी पलंगावर पडून होते. ते छताकडे बघत होते, मी खिडकीबाहेर. पलंगाच्या पायथ्याशी खुर्चीत बसलो होतो, ती वाजेल म्हणून मी हललोसुद्धा नाही. वहिनी आल्या तेव्हा आम्ही दोघंही सुटलो.

मंगळवार, २० जानेवारी

पुन्हा गेलो. या वेळी व्याख्यानाचे कागद बरोबर नेले. म्हटलं, गुरुवारची तयारी होईल आणि त्यांच्या कानावर दोन चांगले शब्द पडतील. दुसऱ्या पानावर होतो तेव्हा मास्तरांनी डावा हात पलंगाच्या कडेला अडकवला, स्वतःला ओढलं, थांबले, परत ओढलं, आणि भिंतीकडे तोंड केलं. आजारी माणसाला एवढे श्रम घ्यायला लावणारं व्याख्यान दुसऱ्या कुणी दिलं असेल असं वाटत नाही.

हिला सांगितलं नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

आता एक दिवसाआड जातोच. कुणी ठरवलं ते माहीत नाही.

आज वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होत्या. मला बघून नळ सोडला. मास्तर दोन घासांवर उठतात. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येतात, त्यांनी हातात दाबायला रबरी चेंडू दिला तर तो त्यांच्याच अंगावर फेकला. डाव्या हाताने, पण नेम चांगला होता म्हणे. बाई मलाही जिन्यात भेटल्या. तरुण आहेत, रागावलेल्या नव्हत्या. "काका, हे पहिले महिने महत्त्वाचे. हाताला काहीतरी काम हवं, खरंखुरं. चेंडू दाबणं त्यांना पोरखेळ वाटतो."

वहिनींची लेक लांब असते. तिने फोनवर सांगितलंय की ती येणार आणि बाबांना रुग्णांची देखभाल करतात अशा ठिकाणी ठेवून आईला आपल्याकडे नेणार. हे मास्तरांना अजून कुणी सांगितलेलं नाही. पण घर एवढंसं आहे, आणि त्यांची वाचा गेलीय, कान नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज एक झालं, ते नीट लिहून ठेवतो.

सूनबाईकडे हॉटेलचं काम आलंय. नॅपकिनचे गठ्ठेच्या गठ्ठे. एक मुलगी रजेवर, म्हणून मी म्हटलं, थोडे मला दे, मास्तरांकडे बसल्या बसल्या घड्या घालतो. नाहीतरी तिथे हाताला काम नसतं आणि तोंडाला तर नाहीच.

पलंगापाशी स्टूल ओढलं आणि सुरू केलं. अर्धं लक्ष बाहेर रस्त्यावर. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. शब्द नव्हता, घशातला एक खरखरीत आवाज. मास्तर माझ्या हातातल्या नॅपकिनकडे बघत होते. मी खाली पाहिलं तर कडा जुळल्या नव्हत्या, बोटभर फरक. चाळीस वर्षं या धंद्यात आणि असली घडी.

उलगडून परत घातली. तोपर्यंत त्यांनी डाव्या हाताने गठ्ठ्यातला एक ओढला होता. पोटावर पसरला. उजवा हात उचलून, सामान ठेवावं तसा, त्यांनी तो एका कोपऱ्यावर ठेवला, नॅपकिन सरकू नये म्हणून. मग डाव्या हाताने दुसरा कोपरा आणायला लागले. घसरला. परत आणला, परत घसरला. मला राहवेना. एका झटक्यात घालून दिली असती. पण हात पुढे जायला लागले तसे मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसून राहिलो. का ते सांगता येत नाही.

वहिनी आल्या तेव्हा एक घडी पुरी झाली होती. वाकडी होती. मास्तर घामाने भिजले होते. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी भयंकर केलंय.

माझे मात्र गठ्ठ्यातले निम्मे राहिले. सूनबाई बोलली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मास्तरांनी घातलेल्या घड्या मी गठ्ठ्याच्या मधोमध दडवून दुकानात दिल्या होत्या. सूनबाईने बरोबर वेगळ्या काढल्या. "या कुणाच्या?"

सांगितलं.

"परत न्या. पुन्हा घालायला सांगा."

मी चिडलो. म्हटलं, "अगं, माणूस अंथरुणाला खिळलाय."

"बाबा, हॉटेलवाला घडी बघणार, घालणाऱ्याची तब्येत नाही. आणि चालवून घेतलं तर मास्तरांना कळणार नाही असं वाटतं तुम्हाला?"

तासभर घरात बसून राहिलो. शेवटी गेलो खाली आणि घड्या त्यांच्या पांघरुणावर ठेवल्या. म्हटलं, "मास्तर, सूनबाईने परत पाठवल्या. कडा जुळत नाहीत म्हणते."

त्यांचे डोळे असे झाले की आता आपल्या अंगावर काय येतंय ते बघावं. मग त्यांनी वरचा नॅपकिन हिसकावला, झटकून उलगडला आणि कामाला लागले. सगळे परत घातले. मध्येच वहिनींनी भरवायला ताट आणलं, तर त्यांनी चमचा काढून घेतला. स्वतः जेवले, घाईघाईने, काम खोळंबलेला माणूस जेवतो तसे.

सूनबाईने या वेळी ठेवून घेतल्या. "बऱ्या आहेत," एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून हे ऐकायला मलाच वर्षं लागली होती.

बुधवार, ११ फेब्रुवारी

वहिनींची पाठ धरली. मास्तरांना उचलून न्हाणीत नेणं त्यांच्याच्याने होत नाही. ही सकाळी म्हणाली, "उद्यापासून मास्तरांची आंघोळ तुमच्याकडे."

"माझ्याकडे का?"

"मग मी घालू?"

गुरुवार, १२ फेब्रुवारी

घातली. लोकांचे मळके कपडे आयुष्यभर धुतले, माणूस आज पहिल्यांदा धुतला. कुठे बघावं कळत नव्हतं. त्यांनीही डोळे घट्ट मिटले होते. पाठीला साबण लावताना लक्षात आलं, एवढा मोठा आवाज ज्या पाठीतून यायचा ती हाडकुळी झालीय. पाणी जरा जास्त गरम झालं. त्यांनी डावा हात आपटला. मी गार मिसळलं. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा कळलं, फार गार झालं. पाण्यावरून आमचं पहिलं बोलणं झालं म्हणायचं.

संध्याकाळी व्याख्यान. घंटावाले आणि मी. तेही खुर्च्या लावायच्या म्हणून आलेले.

रविवार, १५ फेब्रुवारी

उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. मनात बोचत होतं ते सांगितलं. एक म्हणजे, महिना होत आला मास्तरांकडे जातोय, पण त्यांच्याशी प्रभूबद्दल एक शब्द बोललो नाही. एकदा वाचून दाखवायला गेलो तर त्यांनी पाठ फिरवली. दुसरं म्हणजे, आवडतात म्हणून जातो असंही नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला तो माणूस अजूनही हेकट वाटतो. मग याला प्रीती कसं म्हणायचं?

पाळकसाहेबांनी विचारलं, "तुम्ही तिथे करता काय?"

"घड्या घालतो. आता आंघोळही घालतो."

"चालू ठेवा."

त्यांनी नीट ऐकलं नसावं. दारात लोक खोळंबले होते.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

हॉलमध्ये पुन्हा घंटावाले एकटेच. मी म्हटलं, आज राहू द्या, माझी मास्तरांकडे जायची वेळ झालीय. ते म्हणाले, मीही येतो. एकाला नीट ऐकू येत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही. दोघांचं इतकं जमलं की मला मध्ये तोंड घालायला जागा नव्हती. घंटावाल्यांनी आपल्या सगळ्या आयुष्याची कहाणी सांगितली आणि मास्तरांना मध्येच "पुरे" म्हणता येत नव्हतं. जाताना घंटावाले मला म्हणाले, "फार समजूतदार गृहस्थ आहेत."

सोमवारची आणि शनिवारची आंघोळ घंटावाले घालणार. स्त्रीमंडळातल्या दोघी दुपारी आळीपाळीने येणार, वहिनींना पडायला मिळावं म्हणून. हे सगळं हिने जमवलं. मला कुणी काही विचारलं नाही.

शनिवार, ७ मार्च

लेक आली. मला वाटलं होतं उर्मट असेल. तशी नाही. डोळ्यांखाली काळं आलेली, दमलेली मुलगी आहे. बाहेरच्या खोलीत आम्ही बसलो होतो, मी, वहिनी आणि ती. आतलं दार अर्धं उघडं.

म्हणाली, "काका, तुम्ही सगळे करताय ते दिसतं मला. पण किती दिवस कराल? लोक महिनाभर येतात. मग येणं कमी होतं. मग उरते आई, मोडलेली पाठ घेऊन. मी तिकडून किती धावू? त्या ठिकाणी नर्स आहेत, डॉक्टर आहेत. जागा आत्ता मिळतेय, नंतर मिळेलच असं नाही."

तिचं काय चुकलं? तरी मी बोलत सुटलो. माणसाला आपल्या घरात राहू द्यावं, असं तसं. व्याख्यानातली दोन वाक्यंही आली. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "काका, तुम्ही तर बाबांशी इतकी वर्षं बोलत नव्हता. आता एकदम काय झालं?"

मी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या.

तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं. सूनबाई, हातात हिशेबाची पेन्सिल, घाईत. आमच्याकडे तिने बघितलंही नाही, सरळ आतल्या दारात जाऊन उभी राहिली. "मास्तर, हॉटेलात सोमवारी लग्न आहे. नॅपकिन नाहीत, टेबलक्लॉथ आहेत, मोठे. जमणार असतील तर आत्ता सांगा, नाहीतर दुसरीकडे देते."

मग आतून आवाज आला. चिरका, जाडा, गंज चढलेला.

"आण."

सूनबाई "बरं" म्हणाली आणि जिना उतरून गेली. तिला खरंच काही कळलं नव्हतं. वहिनी जागच्या उठल्या आणि परत बसल्या. लेक आत गेली. पलंगापाशी जमिनीवरच बसली आणि "बाबा, काय म्हणालात? परत म्हणा," असं म्हणत राहिली. मास्तर परत म्हणाले नाहीत. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मी वर निघून आलो. तिथे माझं काम नव्हतं.

रविवार, १५ मार्च

लेक आठवडाभर राहिली. सगळं बघितलं, कोण कधी येतं, काय करतं. घंटावाल्यांची आंघोळ घालायची तऱ्हा बघून हसली. आज निघताना मला म्हणाली, "काका, ती जागा मी सोडली. तूर्त. पण मला खरं सांगत जा. आई खरं सांगत नाही."

दर रविवारी तिला फोन करायचं कबूल केलंय.

गुरुवार, २६ मार्च

पाळकसाहेबांना सांगून टाकलं की गुरुवारची व्याख्यानं बंद करतो. कुणी येत नाही, आणि मलाही वेळ होत नाही. वर्षाचं काम हाती घेतलं आणि तीन महिन्यांत सोडलं, याची लाज वाटते, असंही म्हटलं. ते माझ्याकडे जरा विचित्र बघत होते. "दुसरं काही काम सुचलं तर सांगा," मी म्हटलं.

ते म्हणाले, "सुचलं की सांगतो." आणि खोकला आल्यासारखं केलं.

शनिवार, २५ एप्रिल

आज मास्तर भिंत धरून खिडकीपर्यंत गेले. काठीने आणि माझ्या खांद्याने. खिडकीतून खाली लाँड्रीच्या दारात सूनबाई दिसली. त्यांनी काठीने काचेवर टकटक केलं आणि हातातला टेबलक्लॉथ उंच धरून दाखवला. तिने खालून कडा बघितल्या आणि मान हलवली, ठीक. मास्तर जिंकल्यासारखे पलंगावर येऊन बसले.

रविवार, १४ जून

शब्द येतात आता. एकेक, तुटक. मास्तर मला अरे-तुरे करतात. वहिनी म्हणतात "तुम्ही" म्हणायला त्यांना जास्त दम लागतो, मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलेलं नाही.

लेकीला फोन केला. सांगितलं, बाबा माझ्यावर ओरडले. तिला रडू आलं. म्हणाली, "कशावरून?" म्हटलं, चहात साखर जास्त झाली म्हणून. तिने दोनदा सांगायला लावलं.

बुधवार, ५ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं, म्हणजे भांडण वगैरे, काही झालं नाही.

आज व्यायामवाल्या बाई मास्तरांकडे आल्या. पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीवाल्या बाईंना झटका आलाय. हात तसाच, वाचा तशीच. कुणाशी बोलत नाहीत, व्यायाम करत नाहीत, लेकाला जवळ येऊ देत नाहीत. बाईंनी मास्तरांना विचारलं, "तुम्ही एकदा भेटाल का त्यांना?"

मास्तरांनी काठी पुढे ओढली. मग मला म्हणाले, "चल."

"आत्ता?"

"उद्या. दाढी."

म्हणजे आधी दाढी करून द्यायची.

गुरुवार, ६ ऑगस्ट

दाढी केली. इस्त्रीचा सदरा घातला. जिना उतरायला वेळ लागला, रस्ता ओलांडायला त्याहून जास्त. बेकरीच्या मागच्या खोलीचं दार त्या बाईंच्या लेकाने उघडलं. आत अंधार केलेला. बाई पांघरूण डोक्यावरून घेऊन पडलेल्या. मी मास्तरांच्या मागून आत जायला लागलो तर त्यांनी काठी आडवी केली.

"तू जा."

"अहो, पण परत कसे याल?"

"जा."

आलो. घरात चैन पडेना. ही म्हणाली, "येरझारा घालू नका, जमीन झिजेल." खिडकीतून गल्लीचं तोंड दिसतं, तिथेच उभा राहिलो. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ते दिसले. एकटे. काठी, पाय, मग दुसरा पाय. बेकरीवाला मुलगा दहा पावलं मागून येत होता, मास्तरांना दिसणार नाही अशा बेताने. मी धावत खाली गेलो आणि त्यांच्या मजल्यावर, दाराशी, थांबलो. जिना चढताना हात दिला नाही. त्यांनी मागितला नाही.

वर आले, कठडा धरून दम घेतला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"बसलो. उद्या परत." मग माझ्याकडे बघितलं. "तू... प्रार्थना कर. तिची."

मी गांगरलो. इतक्या महिन्यांत त्यांच्यासमोर मी हा शब्द काढला नव्हता. म्हटलं, "करीन की. पण तुम्हाला कसं..."

"माझी करायचास."

"कधी?"

"घड्या." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हलतात. वाटलं, मोजतो." दम घेतला. "मोजायला... इतका वेळ?"

मला खरंच माहीत नव्हतं. घड्या घालताना मी मनातल्या मनात काही म्हणतो, ते ओठांवर येत असेल, असं कधी वाटलं नव्हतं. म्हणजे हे पहिल्यापासून बघत होते. मला कानकोंडं झालं. म्हटलं, "बरं, झोपताना करीन."

"आत्ता."

"इथे? जिन्यात?"

"आत्ता. मोठ्याने."

स्टेशनमास्तर होते ते. डोक्यावर टोपी असती तर मी काढली असती. मी डोळे मिटले. बाईंचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून प्रभूला म्हटलं, त्या बेकरीवाल्या बाई, पलीकडच्या गल्लीतल्या, तुला ठाऊक आहेत. त्यांना एकटं वाटू देऊ नकोस. त्यांच्या हाताला बळ दे. उद्या मास्तर येतील तेव्हा पांघरूण जरा खाली येऊ दे. एवढंच सुचलं. डोळे उघडले तर मास्तर तसेच उभे होते, कठडा धरून, मान खाली.

"बरं," ते म्हणाले, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी तिथेच उभा राहिलो. वरून हिचा आवाज आला, "अहो, कोण आहे तिथे? एकटेच मोठमोठ्याने काय बोलताय?"